एकाच कार्बनचे दोन दावेदार

वीजकेंद्राच्या धुराड्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड नळीने शेजारच्या खाऱ्या पाण्याच्या तळ्यात सोडायचा, त्यावर सूक्ष्म शैवाल वाढवायचं, शैवालातून तेल काढायचं आणि त्या तेलावर बस, बोट किंवा विमान चालवायचं. ऊर्जेच्या चर्चेत हे चित्र चाळीसेक वर्षांपासून पुन्हा पुन्हा समोर येत आहे. त्याची भूल पडणं साहजिक आहे. सुपीक जमीन लागत नाही, गोडं पाणी लागत नाही आणि नकोसा वायूच कच्चा माल होतो. ऊस किती पाणी पितो हे ज्यांनी मराठवाड्यात टँकरच्या रांगेत उभं राहून पाहिलं आहे, त्यांना समुद्राच्या पाण्यावर पिकणारं इंधन वरदानच वाटेल.

मला या शैवालाबद्दल मनापासून आस्था आहे. त्यावरचं संशोधन थांबू नये, उलट वाढावं, असं मी मानतो. पण त्याच्या नावावर कार्बनचा जो हिशेब खपवला जातो तो खोटा आहे, आणि तो खोटेपणा शेवटी कोळशाच्या पथ्यावर पडतो. या लेखाचा मुद्दा तेवढाच आहे. तिथे पोचण्याआधी तळ्यात नेमकं काय घडतं ते पाहायला हवं, कारण बरेचसे गैरसमज तिथेच सुरू होतात.

जमेची बाजू खरोखर मोठी आहे. पृथ्वीवर होणाऱ्या प्रकाशसंश्लेषणाचा जवळपास निम्मा वाटा समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतिप्लवकांचा असतो. मुळं, खोड, फांद्या पोसायचा खर्च या जिवांना नाही. पेशी अनुकूल परिस्थितीत दिवसभरात दुप्पट होते. चौरस मीटरला रोज २० ग्रॅम कोरडं शैवाल हे चांगलं, पण आवाक्यातलं उत्पादन. तेवढं वर्षभर टिकलं तर हेक्टरी ७३ टन होतं. त्यात पाव हिस्सा तेल धरलं तर १८ टन. तेल देणाऱ्या पिकांत सर्वांत उदार असलेलं पाम हेक्टरी साधारण ४ टन देतं. म्हणजे दाव्याचा हा भाग बढाईचा नाही.

'वर्षभर टिकलं तर' या शब्दांत मात्र बरंच काही दडलेलं आहे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९७८ ते १९९६ या काळात यावर सलग कार्यक्रम चालवला, त्यावर सुमारे अडीच कोटी डॉलर खर्च केले, देशभरातून तीन हजारांच्या आसपास शैवालवाण गोळा केले आणि न्यू मेक्सिकोतल्या रोझवेल इथे हजार-हजार चौरस मीटरची दोन तळी बांधली. लंबगोल वळणाचा उथळ कालवा आणि पाणी ढकलत ठेवणारं पात्यांचं चाक, अशी ती रचना. तळ्याने एखाद्या दिवशी चौरस मीटरला ५० ग्रॅमचा आकडा गाठला. वर्षाची सरासरी निघाली १० ग्रॅमच्या आसपास, कारण वाळवंटातल्या थंड रात्रींनी वाढ रोखून धरली. प्रयोगशाळेत निवडलेले तेलकट वाण उघड्या तळ्यात टिकेनात, वाऱ्याबरोबर आलेली स्थानिक शैवालं त्यांना हुसकावून लावत. पाण्यात सोडलेल्या वायूपैकी ९० टक्क्यांहून जास्त वायू वापरात आणता येतो, हे मात्र तिथे सिद्ध झालं. म्हणजे शैवालाला कार्बन पाजणं ही अडचण नव्हतीच. अडचण पुढच्या सगळ्याची होती. १९९८च्या समारोप अहवालाने कबूल केलं, की उत्पादनाबद्दल कितीही आशावादी गृहीतकं धरली तरी हे डिझेल खनिज डिझेलच्या दुप्पट महाग पडतं.

याच कार्यक्रमात एक जैविक पेचही नीट उमजला. नत्राची उपासमार केली की पेशी तेल साठवू लागते, पण त्याच वेळी तिचं विभाजन मंदावतं. तेलाची टक्केवारी वाढते आणि एकूण पीक घटतं. एकाच नमुन्यातून सर्वाधिक वाढ आणि सर्वाधिक तेल असे दोन आकडे वेगवेगळ्या दिवसांचे उचलून त्यांचा गुणाकार करणारी कित्येक सादरीकरणं या विषयात झाली. आकडा नेत्रदीपक दिसतो, तसं तळं मात्र कुठेच नसतं.

आपल्याकडे समुद्री सूक्ष्म शैवाल रोजच्या रोज कोण वाढवतं? कोळंबीच्या हॅचरीतली माणसं. कोळंबीची पिल्लं जोइया अवस्थेत आली की त्यांना कीटोसेरॉससारखे डायटम खाऊ घालावे लागतात. त्यासाठी हॅचरीत एक वेगळी, वातानुकूलित, ट्यूबलाइटांनी उजळलेली खोली असते. मांडणीवर कापसाचे बोळे लावलेल्या काचेच्या फ्लास्कमध्ये मूळ कल्चर, मग मोठ्या बाटल्या, मग बाहेरच्या टाक्या, असं दर दोन-चार दिवसांनी एकेक पायरी वर चढवत न्यायचं. समुद्राचं पाणी आधी गाळायचं, क्लोरीन घालायचं, क्लोरीन उडवायचं, मग नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट आणि जीवनसत्त्वं मोजून टाकायची. सगळं नीट जमलं की टाकी सोनेरी-तपकिरी होते. आणि एखादा रोटिफर किंवा दुसरा सूक्ष्म भक्षक पाण्यात शिरला, की एका रात्रीत तो रंग उतरतो, वर फेस येतो, तळाला मेलेल्या पेशींचा गाळ बसतो. टाकी ओतून, घासून, पुन्हा फ्लास्कपासून सुरुवात. हॅचरीवाल्याला हा खर्च परवडतो, कारण शेवटी विकायची आहे कोळंबी. डिझेलच्या भावात विकायचं असेल तर हीच सगळी निगुती शेकडो हेक्टरांवर आणि जवळपास फुकट करावी लागते.

भक्षकांचा हा प्रश्न तळ्यापुरता नाही. २००९ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेबरोबर 'लोहाफेक्स' हा प्रयोग केला होता. 'पोलारस्टर्न' या जहाजावरून दक्षिणी महासागरातल्या सुमारे ३०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात लोह सोडून शैवालाची वाढ होते का आणि त्याबरोबर कार्बन तळाशी जातो का, हे त्यांना पाहायचं होतं. शैवाल वाढलं, पण त्या पाण्यात सिलिका कमी असल्यामुळे सिलिकेचं कवच बांधणारे डायटम जोर धरू शकले नाहीत, आणि जे वाढलं त्याचा कोपेपॉड या सूक्ष्म प्राण्यांनी फडशा पाडला. खोल समुद्रात गेलेला कार्बन अपेक्षेपेक्षा फारच थोडा होता. भारतीय आणि जर्मन शास्त्रज्ञांनी तो निष्कर्ष जसाच्या तसा जगासमोर ठेवला, याचं मला फार मोल वाटतं. शैवालाच्या व्यवसायात असा प्रामाणिकपणा विरळाच दिसला आहे.

आता आपल्या किनाऱ्यावर या. शैवालाचं तळं साधारण ३० सेंटीमीटर खोल ठेवतात, त्याखाली प्रकाश पोचत नाही. कोकणात वर्षाला ३ मीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे तळ्याच्या खोलीच्या दहापट गोडं पाणी चार महिन्यांत त्यावर कोसळणार, तेही ढगाळ आभाळाखाली. खारेपणा टिकेल कसा? मिठागरं पावसाळ्यात बंद असतात ती याच कारणाने. कोकणात शैवालाचा हंगाम फार तर आठ महिन्यांचा धरावा लागेल आणि वर हेक्टरी ७३ टनांचा जो आकडा दिला तो त्याच प्रमाणात खाली आणावा लागेल. तळी झाकायची किंवा काचेच्या नळ्यांत शैवाल वाढवायचं म्हटलं, तर खर्च कितीतरी पटींनी वाढतो. सौराष्ट्र आणि कच्छचा कोरडा किनारा या कामाला जास्त सोयीचा आहे, आणि भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेने या विषयात जे काम उभं केलं, ते तिथे उभं राहिलं याचं आश्चर्य नाही.

मग काढणी. उघड्या तळ्यात लिटरमागे अर्धा ग्रॅम शैवाल असतं, चांगल्या दिवशी एक ग्रॅम. एक किलो कोरड्या शैवालासाठी दोन हजार लिटर पाणी गाळावं, साकळवावं किंवा सेंट्रिफ्यूजमधून फिरवावं लागतं, आणि एक किलो तेलासाठी आठ हजार लिटर. त्यानंतरचं वाळवणं वेगळंच. शिवाय खत. शैवालाच्या कोरड्या वजनात साधारण ७ टक्के नत्र असतं. एक किलो तेलामागे चार किलो शैवाल धरलं, तर २८० ग्रॅम नत्र, म्हणजे ६०० ग्रॅम युरिया लागला. युरिया नैसर्गिक वायूपासून होतो. उरलेल्या चोथ्याचं बायोगॅस संयंत्रात पचन करून यातलं बरंच नत्र परत मिळवता येतं, आणि मिळवायलाच हवं, पण तेही आपोआप घडत नाही.

मुंबईत डिझेल लिटरला नव्वद रुपयांच्या आसपास मिळतं. त्यातून कर आणि वितरण वजा केलं आणि लिटरभर तेलाला पावणेचार किलो शैवाल लागतं हे ध्यानात घेतलं, तर शैवाल पिकवून, काढून, सुकवून, तेल गाळून एकूण खर्च किलोला पंधरा-सोळा रुपयांच्या आत बसायला हवा. स्पिरुलिना या शैवालाची भुकटी बाजारात किलोला शेकडो रुपयांना विकली जाते. ही दरी भल्याभल्यांना ओलांडता आलेली नाही. एमआयटीच्या परिसरातून २००१ मध्ये निघालेली ग्रीनफ्युएल ही कंपनी वीजकेंद्राच्या वायूवर शैवाल वाढवणार होती, ती २००९ मध्ये बंद पडली. त्याच २००९ मध्ये एक्सॉनमोबिलने क्रेग व्हेंटर यांच्या सिंथेटिक जिनॉमिक्सबरोबर ६० कोटी डॉलरपर्यंतचा कार्यक्रम जाहीर केला. २०१७ मध्ये त्यांनी नॅनोक्लोरोप्सिस या समुद्री शैवालाची जनुकीय जडणघडण बदलून वाढ फारशी न घटवता तेलाचं प्रमाण २० टक्क्यांवरून ४० टक्क्यांच्या वर नेलं. हे खरोखर मोठं विज्ञान होतं, वर सांगितलेल्या जैविक पेचावरच त्यांनी बोट ठेवलं होतं. पुढच्याच वर्षी २०२५ पर्यंत दिवसाला दहा हजार बॅरल तेल काढण्याची क्षमता गाठायचं उद्दिष्ट त्यांनी सांगितलं. २०२३ मध्ये एक्सॉनने त्यातून अंग काढून घेतलं. मधल्या साऱ्या काळात हिरव्या द्रवाच्या चंबूंची चित्रं त्यांच्या जाहिरातींतून झळकत होती आणि कंपनीचा तेलाचा मूळ धंदा निर्वेध चालू होता.

इथे मूळ मुद्द्याला येतो. समजा, वीजकेंद्राने कोळसा जाळून एक टन कार्बन डायऑक्साइड सोडला. तो सगळा शैवालाने घेतला, आणि अगदी उदारपणे धरू, की सगळा कार्बन इंधनात उतरला. ते इंधन ट्रकमध्ये जळलं. तो एक टन ट्रकच्या धुरातून हवेत गेला. फायदा झाला का? झाला, कारण ट्रकने जे खनिज डिझेल जाळलं असतं ते वाचलं. आधी कोळशाचा एक आणि डिझेलचा एक असे दोन टन हवेत जात होते, आता एक जातो. म्हणजे सर्वोत्तम स्थितीत निम्मी बचत, आणि पंप, खत, काढणी यांची ऊर्जा धरली की त्याहून बरीच कमी.

आता कागदावर काय होतं ते पाहा. वीजकेंद्र म्हणतं, आमचा एक टन आम्ही पकडला, आमचं उत्सर्जन शून्य. इंधन विकणारा म्हणतो, हे जैवइंधन आहे, वनस्पतीने शोषलेला कार्बनच परत गेला, आमचंही उत्सर्जन शून्य. दोन्ही दावे वेगवेगळ्या अहवालांत छापून येतात आणि दोन टनांचा हिशेब मिटतो. हवेत मात्र एक टन चढलेलाच असतो. एकच सातबारा दोन सावकारांकडे गहाण टाकण्यासारखा हा व्यवहार आहे, आणि यात फसगत होते ती हवेची, म्हणजे आपल्या सगळ्यांची. उसाच्या किंवा मक्याच्या इथेनॉलवर कितीही टीका केली तरी त्यातला कार्बन त्याच वर्षी हवेतून आलेला असतो. कोळशाच्या धुरावर पोसलेल्या शैवालातला कार्बन कोट्यवधी वर्षं जमिनीखाली गाडलेला होता. शैवाल हिरवं आहे म्हणून तो कार्बन हिरवा होत नाही.

कोणी म्हणेल, निम्मी बचत काय थोडी आहे? थोडी नाही, पण ती किती उत्सर्जनाला पुरेल हे जमिनीवर मोजून पाहावं. डहाणूचं औष्णिक केंद्र ५०० मेगावॅटचं, म्हणजे आजच्या मानाने लहानच, आणि खाडीच्या काठावर. ते ८० टक्के क्षमतेने चाललं तर वर्षाला ३३ लाख टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडेल. एक किलो शैवाल १.८३ किलोच्या आसपास वायू घेतं, म्हणजे पावसाळा विसरून, बारमाही ७३ टनांच्या हिशेबानेही हेक्टरी वर्षाला १३४ टन. सगळा वायू पकडायचा तर जवळपास २५ हजार हेक्टर तळी लागतील, म्हणजे २५० चौरस किलोमीटर. मुंबई शहर आणि उपनगर हे दोन्ही जिल्हे मिळून ६०० चौरस किलोमीटर भरतात. शिवाय रात्री शैवाल वायू घेत नाही आणि वीजकेंद्र रात्री बंद होत नाही. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित आहे. तिथे चिकूच्या वाड्या आहेत, वारली पाडे आहेत, खाजणं आहेत. एवढी सपाट जमीन तिथे कोणाची काढून घेणार? 'पडीक' हा शेरा सरकारी दप्तरात किती सहज पडतो आणि त्या पडीक जमिनीवर कोणाची गुरं चरत असतात, हे चंद्रज्योतीच्या प्रकरणात देशाने पाहिलं आहे. २००३ साली नियोजन आयोगाने त्या झुडपाच्या भरवशावर २० टक्के बायोडिझेलचं स्वप्न मांडलं होतं. झुडपं पडीक जमिनीवर जगली, पण बी धरेनात. तेलाचं उद्दिष्ट कागदावरच राहिलं.

कोळशाच्या धुराबद्दल आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. इंधनात तोटा येतो म्हणून शैवालाच्या प्रकल्पात जोडउत्पादनांची भर घालतात: चोथ्यातली प्रथिनं कोळंबीच्या खाद्याला, ओमेगा-३ औषधांना. पण कोळशाच्या धुरात गंधकाची ऑक्साइडं असतात, राखेचे कण असतात, पाराही असतो, आणि शैवाल जड धातू साठवण्यात पटाईत आहे. त्या धुरावर वाढलेलं शैवाल कोळंबीला घालायचं का, आणि ती कोळंबी आपण आपल्या मुलांच्या ताटात वाढायची का? कार्बन पकडण्याचं आश्वासन आणि खाद्य विकण्याचं आश्वासन ही दोन्ही एकाच तळ्याकडून पुरी होणं कठीण आहे. धूर शुद्ध करून मग वापरता येतो, पण त्याचाही खर्च त्याच पंधरा-सोळा रुपयांत बसवावा लागेल.

खाद्याचा मार्ग मला इंधनापेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो. माशांमधलं ओमेगा-३ मुळात शैवालात तयार होतं आणि अन्नसाखळीतून वर चढतं. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तारलीसारखा गरिबाचा मासा टनांनी दळून फिशमील आणि तेल केलं जातं, ते मत्स्यशेतीच्या खाद्यात जातं. समुद्री शैवाल थेट खाद्यात वापरलं तर तारलीवरचा तो ताण हलका होऊ शकतो. रापण ओढणाऱ्या मालवणच्या मच्छीमाराला शैवालापासून जर खरोखर काही मिळायचं असेल तर ते इथून मिळेल.

आणि त्या शैवालाला पाजायला स्वच्छ कार्बन महाराष्ट्रात आहे. मळीपासून किंवा उसाच्या रसापासून इथेनॉल करताना आंबवण्याच्या टाक्यांतून जवळपास शुद्ध कार्बन डायऑक्साइड निघतो, लिटरभर इथेनॉलमागे पाऊण किलो. त्यात ना राख, ना पारा. तो उसाने वर्षभरापूर्वी हवेतूनच घेतलेला असतो, त्यामुळे दुहेरी हिशेबाचा प्रश्नच येत नाही. काही कारखाने तो द्रवरूप करून शीतपेयांना विकतात, बाकीचा हवेत जातो. दिवसाला ६० हजार लिटर इथेनॉल करणाऱ्या एका डिस्टिलरीचा हंगामातला सगळा वायू सामावून घ्यायला १२० हेक्टरांच्या आसपास तळी पुरतात. घाटावरून किनाऱ्यापर्यंत तो टँकरने आणावा लागेल, मग अंतर आणि खर्च नीट तपासावे लागतील. पण १२० हेक्टर हा मिठागरांच्या मापाचा आकडा आहे. बंद पडत चाललेल्या मिठागरांतल्या, खाऱ्या पाण्याची जाण असलेल्या माणसांना आठ महिन्यांचं काम देणारा आकडा आहे.

सौरपटलंही एके काळी महाग होती, शैवालही स्वस्त होईल, असं ऐकू येतं. सौरपटल कारखान्यात बनतं, म्हणून स्वस्त झालं. तळ्याचा खर्च माती, प्लॅस्टिकचं अस्तर, पाणी ढकलणं आणि उपसणं यांचा आहे, त्यात तशी घसरण होण्याची चिन्हं नाहीत. आणि त्याच चौरस मीटरवर पडणाऱ्या उन्हातला एक टक्का तेलात उतरतो, तर पटलातून वीस टक्के वीज निघते. दुचाकी, रिक्षा, बस विजेवर चालू लागल्या असताना त्यांच्यासाठी शैवालाचं डिझेल पिकवण्यात अर्थ उरलेला नाही. विमानांचं तसं नाही. आंतरराष्ट्रीय उड्डाणांत २०२७ पासून १ टक्का आणि २०२८ पासून २ टक्के शाश्वत इंधन मिसळायचं उद्दिष्ट भारताने ठेवलं आहे, आणि बॅटरीवर अटलांटिक ओलांडणारं प्रवासी विमान दृष्टिपथात नाही. तिथे शैवालाच्या तेलाला उद्या जागा असू शकते. म्हणून भावनगरची संस्था, गोव्याची समुद्रविज्ञान संस्था, तिरुचिरापल्लीचं समुद्री सायनोबॅक्टेरियांचं केंद्र यांच्याकडचे वाण जिवंत राहिले पाहिजेत, दर पाच वर्षांनी धोरण बदललं म्हणून निधी आटता कामा नये. अमेरिकेचा कार्यक्रम बंद झाल्यावर गोळा केलेल्या तीन हजार वाणांपैकी कितीतरी हातचे गेले. ते पुन्हा शोधायला पुन्हा सुरुवातीपासून समुद्र धुंडाळावा लागतो.

केंद्र सरकारने २०२३ मध्ये कार्बन क्रेडिटच्या व्यापाराची योजना अधिसूचित केली आहे. म्हणजे आजवर परिषदांत फिरणाऱ्या चित्राला यापुढे रुपयांत भाव येणार. युरोपीय संघाने वायूपासून बनवलेल्या कृत्रिम इंधनांसाठी निदान एक रेघ ओढली: खनिज इंधनावरच्या वीजनिर्मितीचा वायू २०३५ नंतर आणि इतर उद्योगांचा २०४० नंतर 'टाळलेलं उत्सर्जन' म्हणून धरला जाणार नाही. आपल्याकडे शैवालाचे प्रकल्प थोडे आहेत, त्यांच्यामागे मोठे हितसंबंध अजून उभे राहिलेले नाहीत, तोवरच तशी रेघ ओढून घेणं सोपं आहे. तळ्यात सोडलेला प्रत्येक टन कुठून आला आणि तो वीजकेंद्राच्या खात्यावर उतरला की इंधनाच्या, हे प्रकल्पाच्या पहिल्याच कागदावर लिहून घ्यावं, आणि दुसऱ्या खात्यावर त्याचा उल्लेख दिसला तर दोघांचंही क्रेडिट रद्द करावं.